टेप सुरू होण्याआधी

तुम्ही तुमच्या आईचं बोलणं शेवटचं कधी दुरुस्त केलंत?

घाईने "कधीच नाही" म्हणू नका. मीही तेच म्हटलं होतं, जर्सी सिटीतल्या एका स्वयंपाकघरात. समोर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी टेबलाच्या कडेवर बोटाने चार अंक मोजले. एक, दोन, तीन, चार. मग म्हणाले, "बरं. हे एक उत्तर झालं. खरं उत्तर आलं की सांग."

ते माझे घरमालक. पंचाऐंशीच्या आसपासचे, काटकुळे, खांद्यात वाकलेले, घरातही टाय लावणारे. आयुष्यभर त्यांनी एका कॉलेजात आधुनिक इटालियन साहित्य शिकवलं होतं, म्हणून मी त्यांना प्रोफेसर म्हणायचे. तिमजली अरुंद घराच्या वरच्या दोन मजल्यांवर ते एकटे राहत आणि तळमजल्याची खोली विद्यापीठातल्या मुलांना भाड्याने देत. तिथे मी दोन वर्षं काढली. शिकत होते ग्रंथालयशास्त्र, आणि लायब्ररीच्या तळघरात जुन्या टेप्स कॉम्प्युटरवर उतरवायचं काम करत होते.

दर वाक्यानंतर चार अंकांची जागा सोडायची, ही त्यांची सवय. जिन्यात भेटले तर म्हणत, "आज थंडी आहे," आणि थांबत. आपण "हो" म्हटलं तरी थांबतच. आपल्या खांद्यामागे बघत. पहिल्या आठवड्यात मी दोनदा वळून बघितलं होतं. मागे कोणी नव्हतं. पुढे मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "तुझ्यासाठी एक अंक. बाकीचे तीन ज्याला बोलायचं असेल त्याच्यासाठी."

आता आवाजांचं सांगते.

दुपारी चार वाजता वरच्या मजल्यावर माणसं बोलायला लागायची. घोगऱ्या आवाजाची एक बाई. सारखा खोकणारा एक पुरुष. दोघी जणी एकदम हसायच्या आणि एकदम थांबायच्या. मधूनमधून प्रोफेसरांचा आवाज यायचा, जिन्यातल्यासारखा ताठ नव्हे, सैल, जवळजवळ लाडात आलेला. भाषा कोणती ते कळायचं नाही. मला वाटलं, गल्लीतले जुने मित्र जमत असतील, बरं आहे, म्हातारा एकटा नाही.

मग जानेवारीत एकदा दिवसभर बर्फ पडलं. मी तीनला घरी आले तेव्हा बाहेरच्या पायऱ्यांवर घोटाभर थर होता आणि त्यावर माझ्या बुटांचे ठसे उमटले. चार वाजता वर बोलणं सुरू झालं. त्या दिवशी पाच आवाज होते, मी मोजले. बर्फ थांबून तासभर झाला होता. का कोण जाणे, मी तशीच मोज्यांवर दारात गेले. पायऱ्यांवर ठसे होते ते फक्त माझे. आत येणारे.

मधुराला फोन केला. ती पुण्याची, माझी शाळेपासूनची नसली तरी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण, मॅनहॅटनला एका बँकेत आयटीत.

"यार, हे सॉलिड क्रीपी आहे," ती म्हणाली. "तू लीज कॅन्सल कर आणि माझ्याकडे शिफ्ट हो."

"तुझ्याकडे आधीच चौघी आहेत."

"पण त्या दिसतात तरी!"

मी शिफ्ट झाले नाही. माझ्या बाबांच्या घरात भुतं चालायची नाहीत. बाबांचा धुळ्यात एका खोलीचा छापखाना होता, पायाने चालवायचं मशीन, आणि त्यावर ते पत्रकं छापायचे. हमालांची, विडी कामगार बायकांची, पाण्याच्या मोर्चाची. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून, आणि पुढे मीही ती लिहायला लागले. शाई ओली असताना गठ्ठे रचले की एका पत्रकाचा मजकूर वरच्या कागदाच्या पाठीवर उलटा, फिकट उमटायचा. मला लहानपणी ती उलटी अक्षरं वाचायचा नाद होता. बाबा म्हणायचे, "पाठीमागचं नको वाचूस, पुढचं वाच." आणि एक गोष्ट ते कायम सांगायचे: "पत्रक शुद्ध पाहिजे. गरिबाच्या कागदात एक चूक सापडली की साहेब मागणी वाचत नाही, चूक वाचतो."

अशा बापाची मुलगी भुताला घाबरून पळाली तर काय राहिलं? दुसऱ्या दिवशी चार वाजता मी वर जाऊन दार वाजवलं.

खोलीत प्रोफेसर होते आणि टेबलावर एक जुनं टेप मशीन. दोन मोठी रिळं सावकाश फिरत होती. टेबलाभोवती सहा खुर्च्या, सगळ्या जरा मागे ओढलेल्या, माणूस बसायला ओढतो तेवढ्याच.

"ये," ते म्हणाले. "ती डावीकडची सोडून कुठेही बस."

तरुणपणी त्यांनी प्रबंधासाठी गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या होत्या. तेव्हा ही सगळी गल्ली इटालियन होती. कोपऱ्यावर जिथे आता गुजराती किराणा दुकान आहे तिथे बेकरी होती. बहुतेक कुटुंबं एकाच डोंगरी खोऱ्यातून आलेली, त्यांची बोली एक. प्रबंधाचा विषय होता: जी माणसं कधी शाळेत गेली नाहीत त्यांच्यापर्यंत राष्ट्राचं साहित्य कसं पोचलं.

मी ऐकत राहिले. टेपवर बाई बोलायची, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा बाई. त्या शांततेत प्रोफेसर बोलत. ते थांबले की बाई उत्तर देई. इतकं बरोबर की मी रिळांकडे बघत विचारलं,

"प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज कुठे आहे?"

"पुसला."

"कोणी?"

"मीच. मी प्रश्न पुस्तकी इटालियनमध्ये विचारले होते. म्हाताऱ्यांना निम्मे कळायचे नाहीत, तरी ती बिचारी उत्तरं द्यायची. पुढे मला तो पोरगा ऐकवेना. त्याला पुसून टाकला. आता मी रोज तेच प्रश्न विचारतो, त्यांच्या बोलीत." ते थांबले. चार अंक. "ही बोली बोलणारा या गल्लीत मी एकटा उरलो. तिकडे गावातही पोरं आता टीव्हीसारखं बोलतात. एकट्याला भाषा बोलता येत नाही. दुसरं माणूस लागतं."

"पण ही माणसं..."

"मेली आहेत, मला माहीत आहे. मी प्रोफेसर आहे, वेडा नाही."

जिन्यात त्यांनी शाळेतला एक जुना इटलीचा नकाशा लावला होता. त्यांच्या आईचं गाव त्यावर नव्हतंच. जिथे असायला हवं होतं तिथे प्रोफेसर येता-जाता बोट टेकवत. इतक्या वर्षांनी तिथला कागद झिजून भोक पडलं होतं, मागची भिंत दिसायची. "बघ," म्हणायचे, "बाकी देश छापलेला आहे. आमचं गाव तेवढं खरं आहे."

त्यांची अशी वाक्यं बरीच होती. "माझा देश आधी कादंबऱ्यांत जन्मला, मग नकाशावर आला. कादंबरीत ज्यांना बोलता आलं नाही त्यांनी देशातही तोंड उघडलं नाही." किंवा: "चांगला लेखक राष्ट्राला आवाज देतो. मग मागून शाळामास्तर येतो आणि तोच आवाज सगळ्यांच्या घशात बसवतो. मी मास्तर होतो." हे ते तक्रार म्हणून सांगत नसत. पत्ता सांगावा तसं सांगत. त्यांच्या वर्गात गल्लीतल्याच माणसांची नातवंडं यायची, आजीकडून ऐकलेले शब्द घेऊन. प्रोफेसर ते शब्द फळ्यावर लिहायचे आणि त्यांवर काट मारायचे. "चाळीस वर्षं," ते म्हणाले. "पोरं घरी जाऊन आजीला सांगायची, तुझं इटालियन खोटं आहे. आज्या मग नातवंडांशी इंग्रजीत बोलायला लागल्या. तेवढं इंग्रजी त्यांना येतही नव्हतं. मग गप्प बसल्या."

घरात भाषांचे नियम होते. जिन्यात इंग्रजी, बैठकीच्या खोलीत पुस्तकी इटालियन, स्वयंपाकघरात फक्त ती डोंगरी बोली. मला ती येत नव्हती. मग तोडगा निघाला की मी स्वयंपाकघरात माझी भाषा बोलायची. मी कॉफी घेताना छानपैकी मराठीत काहीतरी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"ही नाही."

"ही माझीच भाषा आहे, प्रोफेसर."

"ही तू सभेत बोलतेस ती. भांड्याशी बोलतेस ती आण."

त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. मी हसून सोडून दिलं. मग कॉफीचं भांडं उचलताना वाफ हातावर आली आणि माझ्या तोंडून निघालं, "व माय वं!"

"हां," ते म्हणाले. "आता आत आलीस."

मला राग आला आणि भीतीही वाटली. अहिराणी मी धुळ्यालाच सोडून आले होते, किंवा तशी माझी समजूत होती. पुण्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच महिन्यात. आई हॉस्टेलवर भेटायला आली होती, डब्यात कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन. माझ्या रूममेट्सशी ती आपल्या पद्धतीने बोलायला लागली आणि मी तिचं प्रत्येक वाक्य त्यांना पुन्हा सांगायला लागले, शुद्ध करून. माझ्याच आईची दुभाषी. ती एकदाही रागावली नाही. दोन-तीन वाक्यांनंतर बोलायची थांबली आणि फक्त हसत राहिली. तेव्हापासून ती माझ्याशी फोनवर रेडिओवरच्या बाईसारखी बोलते. "कशी आहेस बाळा? जेवण झाले का?" आमच्या घरात कोणी कोणाला बाळा म्हणत नाही.

मी प्रोफेसरांना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःहूनच तो प्रश्न विचारला, ज्याने मी सुरुवात केली. आणि मी म्हटलं, कधीच नाही.

डावीकडची खुर्ची त्यांच्या आईची.

आईची टेप ते वेगळी ठेवत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. ती चारच्या बैठकीत कधी लागत नसे. मी एकदाच ऐकली. एक म्हातारी बाई शाळेच्या पुस्तकातली गोष्ट सांगत होती, राष्ट्रासाठी जीव देणाऱ्या एका मुलाची, एकेक शब्द काचेचं भांडं ठेवावं तसा ठेवत. कुठेही अडखळणं नाही, श्वास नाही, हसू नाही. एवढी निर्जीव गोष्ट मी आयुष्यात ऐकली नाही. आणि मशीनवर बोलणाऱ्या सगळ्या मेलेल्या माणसांत ती एकटीच मेल्यासारखी वाटत होती.

"ती नाही ही," प्रोफेसर म्हणाले. "हा मीच आहे, तिच्या तोंडून."

मशीन सुरू झाल्याबरोबर तिने बोलीत काहीतरी म्हटलं होतं. एक-दोन वाक्यं. मुलगा म्हणाला, आई, नीट बोल, माझे गुरू ऐकणार आहेत. ती बिचारी नीट बोलली. आठवड्याने टेप गुरूंना देण्याआधी त्याने सुरुवातीची तिची ती वाक्यं पुसून टाकली. त्याच हिवाळ्यात आई गेली.

"काय म्हणाली होती?"

"आठवत नाही असं नाही," ते म्हणाले. "मी ऐकलंच नव्हतं. मी फक्त चूक ऐकली."

त्यांना आयुष्यात आता एवढंच हवं होतं, तिचं ते बोलणं. ते मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरी पेट्यांमधून, जुन्या वह्यांमधून ते शोधत असत, कुठे लिहून ठेवलं असेल का, दुसऱ्या कुठल्या टेपवर ती मागून बोलली असेल का. आणि घाई होती. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उन्हाळ्यापर्यंत फारसं काही उरणार नाही.

हे सगळं माहीत असूनही मी त्यांच्याशी भांडले. कारण मीही पत्रकवाल्याची मुलगी.

बाबांचं एक पत्रक माझ्याजवळ आहे, विडी कामगार बायकांसाठी छापलेलं. मी ते त्यांना इंग्रजीत वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं.

"सुंदर आहे. तुझी आई हे वाचायची?"

"माझी आई याच्या घड्या घालायची. हजारो. आम्ही तिला वाचून दाखवायचो."

"आणि मग ती काय म्हणायची?"

मला आठवेना. खरंच आठवेना. आणि म्हणूनच मी भडकले. "तुम्हाला गरिबांची बोली डब्यात घालून ठेवायची आहे," मी म्हटलं. "तुमच्या टेपवरची माणसं मेली आहेत, त्यांना काही लागत नाही. माझी जिवंत आहेत. त्यांना रेशन कार्डाचा अर्ज भरायचा आहे, कोर्टात उभं राहायचं आहे. एक भाषा नसेल तर त्यांचं कोण ऐकणार?"

एक, दोन, तीन, चार.

"खरं आहे," ते म्हणाले. "हेच सगळं मी माझ्या आईला सांगितलं होतं."

मी खाली निघून आले. दीड महिना वर गेले नाही. मधुरा म्हणाली, "तू त्या म्हाताऱ्यावर एवढी का चिडलीस? तो काय तुझा बाप आहे?" मी म्हटलं, "नाही. बाप असता तर माझ्या बाजूने असता." ती म्हणाली, "मग आई असेल," आणि फोन ठेवला. मधुरा असं काहीही बोलते.

मात्र चार वाजता मी घरी असले की कान वर असायचेच. आणि मार्चच्या सुमाराला वरचं संभाषण बिघडायला लागलं. घोगऱ्या आवाजाची बाई बोलत असायची आणि तिचं वाक्य संपायच्या आत प्रोफेसर पुढचा प्रश्न विचारायचे. मग ती गप्प व्हायची, तिच्या शांततेत तेही गप्प. पुढे पुढे दोघं एकदम बोलायला लागले. खोकणारा माणूस हसायचा आणि प्रोफेसर त्या हसण्यावरूनच गंभीरपणे काहीतरी सांगत राहायचे. मेलेली माणसं थांबत होती, वाट बघत होती, आणि जिवंत माणसाला ते ऐकू येत नव्हतं. छताखाली बसून मी ते ऐकत होते. बर्फातल्या पायऱ्या बघून जी भीती वाटली नव्हती ती मला त्या दिवसांत वाटली.

एके दिवशी आवाजच बंद झाले.

त्याच आठवड्यात लायब्ररीत आमच्या तळघराच्या प्रमुख बाई नव्या मुलांना काम शिकवत होत्या. आमचा एक नियम आहे: टेप पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत उतरवायची, रिकामी असली तरी. एका मुलाने विचारलं, रिकामं कशाला? बाई म्हणाल्या, टेप गुंडाळून ठेवली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर फिकट उमटतो. कधी कधी मूळ आवाज पुसला जातो आणि शेजारची सावली तेवढी राहते.

ओली शाई. गठ्ठ्यातला वरचा कागद. पाठीवरची उलटी अक्षरं. हे मला सहाव्या वर्षापासून माहीत होतं.

शनिवारी सकाळी मी लायब्ररीच्या परवानगीने उतरवायचं उपकरण घेऊन वर गेले. प्रोफेसरांनी दार उघडायला खूप वेळ लावला. मी कागदावर लिहून दाखवलं: आईची टेप द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डबा आणला.

टेप लावताना ते सवयीने हात पुढे करून रीळ फिरवायला लागले. "सुरुवात रिकामी आहे," म्हणाले. "मी नेहमी इतकं पुढे घेतो." साठ वर्षं ते तेवढं पुढे घेत आले होते. मी त्यांचा हात धरला आणि रीळ अगदी मागे नेलं, पहिल्या इंचापर्यंत.

हेडफोन लावले. सुरुवातीला फक्त खरखर. रेतीवर कोणी झाडू मारावा तशी. आणि मग, जिथे काही नसायला हवं होतं तिथे, पाण्याच्या तळाशी बसून बोलावं तसा एका बाईचा आवाज. दोन लहान वाक्यं. दुसऱ्याच्या शेवटी थोडं हसू. पुन्हा खरखर. आणि मग एकदम मोठ्याने, त्या काचेच्या आवाजात, राष्ट्राची गोष्ट सुरू झाली.

मी हेडफोन काढले. आवाज जेवढा वाढवता येईल तेवढा वाढवला आणि हेडफोन त्यांच्या कानांना लावले. ते डोळे मिटून बसले. सुरुवात संपली, गोष्ट सुरू झाली, तरी चेहऱ्यावर काही हललं नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "वारा आहे."

पुन्हा लावली. तिसऱ्यांदा त्यांनी तळहात स्पीकरवर ठेवला, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा. "ती आहे का?" त्यांनी विचारलं. "तिथे ती आहे?"

मी होकाराची मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी लिहिणार नाही.

एकच उपाय होता. मी ती दोन वाक्यं ऐकत बसले. किती वेळा ते मोजलं नाही. एक शब्दही कळत नव्हता. म्हणून मी शब्द सोडून दिले आणि चाल धरली. कुठे वर जाते, कुठे शब्द गिळते, हसू कुठे सुरू होतं. माझं शुद्ध तोंड त्यासाठी उपयोगाचं नव्हतं. जबडा सैल सोडावा लागत होता, जिभेला मागे जावं लागत होतं, आणि ती जागा मला ओळखीची होती. आई भांडी घासताना स्वतःशी बोलते ती जागा.

मग मी प्रोफेसरांचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात नेलं. त्या भाषेला तीच एक खोली होती. त्यांना टेबलाशी बसवलं, मी त्यांच्या उजव्या कानाजवळ, ज्यात थोडंफार उरलं होतं, वाकले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ती दोन वाक्यं म्हटली. हसण्यासकट.

आवाज माझा नव्हता. एवढंच सांगते. मी तो काढला, पण खोलीत तो दुसरीकडून आला.

प्रोफेसरांनी चार अंक मोजले नाहीत. दोन वर्षांत पहिल्यांदा ते लगेच बोलले, त्या बोलीत, एखाद्या पोराच्या घाईने, माझ्याकडे न बघता, माझ्या जरा डावीकडे बघत. शेगडीवर काही नव्हतं, तरी खोलीत कांदा भाजल्याचा वास होता. मला तो आला. तुम्हाला पटत नसेल तर सोडून द्या.

मग ते उठून जिन्यात गेले, नकाशाजवळ. इंग्रजी बोलायची जागा तीच. मला म्हणाले, "ती म्हणाली, सुरू झालं का तुझं यंत्र? मग आता मी कोण होऊ?"

मी कागदावर लिहिलं: आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?

"तूच हो, म्हटलं. कोणी नको होऊस, तूच हो." त्यांनी नकाशातल्या भोकावर बोट ठेवलं. "उशीर झाला. पण तिला ऐकू गेलं."

जूनमध्ये त्यांची भाची आली आणि त्यांना दूर दुसऱ्या राज्यात, शुगर लँडला आपल्या घरी घेऊन गेली. आता ते ठार बहिरे आहेत. मधूनमधून भाचीचा मेसेज येतो. ते रोज दुपारी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतात, एक खुर्ची ओढून ठेवतात आणि कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी मान हलवतात. कधी हसतात. रोज ठरल्या वेळी, ती लिहिते, बरोबर तीनला. तिला ठाऊक नाही की तिथे तीन वाजतात तेव्हा इथे चार वाजलेले असतात.

ते भाचीकडे गेले त्या रविवारी मी आईला व्हिडिओ कॉल केला. आजवर मी लक्षच दिलं नव्हतं. फोन जोडला जातो तेव्हा चित्र आधी येतं, एक-दोन क्षण. तिला वाटतं अजून लागलेला नाही. त्या दिवशी मी तोंड मिटून बघत राहिले. आई शेजारच्या काकूंकडे वळून ठसक्यात म्हणत होती, "लागना का व हाऊ फोन?" चेहरा मोकळा, दात दिसतायत. मग तिला मी दिसले. तिने पदर सारखा केला. मान ताठ झाली. डोळ्यांतून कोणीतरी उठून आत निघून गेलं. आणि रेडिओवरची ती बाई माझ्या आईच्या तोंडाने म्हणाली, "कशी आहेस बाळा?"

मी पत्रकं लिहीत राहणार आहे आणि शुद्धच लिहीत राहणार आहे. साहेबाला चूक वाचायची संधी मी देणार नाही, बाबा. तुमचं ते म्हणणं मी सोडलेलं नाही. पण आई म्हणजे साहेबाच्या टेबलावरचा अर्ज नाही, आणि मी तिला तो करून ठेवलं. हे माझं खरं उत्तर. शुगर लँडला पत्राने कळवलं आहे.

त्या दिवशी मी आईला काही समजावलं नाही. चार अंक मोजले. मग जबडा सैल सोडला आणि म्हटलं, "काय करी ऱ्हायनी व माय?" पडद्यावर आईची मान सैल झाली आणि तिने फोन अगदी तोंडाजवळ ओढला.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. हा कागद खाली ठेवलात की आईला फोन लावा. आई नसेल तर ज्या कोणाची बोली तुम्ही चारचौघांत पुन्हा नीट करून सांगितली होती, त्या माणसाला लावा. फोन जोडला गेला की आधी तुम्ही बोलू नका. पलीकडचं माणूस कोणासारखं बोलायचं ते ठरवत असेल. त्याला चार अंक द्या. आणि ते जे काही म्हणेल ते ऐका, आत्ता, कानांना ऐकू येतंय तोवर.